चिपळीची भूक

शहाबादी फरशीवर चिपळीची नखं वाजली की मथुराबाईची सकाळ सुरू व्हायची. टिक् टिक्, टिक् टिक्. आधी चुलीपाशी, मग उंबऱ्यापाशी, मग जोतीरामच्या खाटेखाली. कीर्तनाला उभं राहिल्यावर बुवा अभंगाला हात घालण्याआधी चिपळ्या उगाच बोटांत खेळवतात ना, अगदी तस्सा नाद. म्हणून त्या तांबूस कुत्रीचं नाव चिपळी.

"लोकं कुत्र्याला वाघ्या म्हनत्यात, मोत्या म्हनत्यात," जोतीराम म्हणायचा. "आमच्या घरी कुत्रं बी टाळकरी!"

नवऱ्याचं हे बोलणं मथुराबाई मनावर घेत नसे. गिरणीच्या फाटकावर रात्रभर रखवाली करून आलेला माणूस, त्याला जिभेचा तेवढाच विसावा.

बाहत्तरच्या दुष्काळात होटगीच्या रस्त्यावर खडी फोडताना हे पिल्लू तिला दगडांच्या ढिगाआड सापडलं होतं. मजुरांना खायला सरकारी सुकडी मिळायची, त्यातला घास ती पिल्लाला चारायची. पुढं शेत सुटलं, गाव सुटलं, नवरा-बायको सोलापुरात आली, त्यांच्या मागोमाग पिल्लूही आलं. दुष्काळ सरल्यावर गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात वेळापूरच्या कोंडीबाबुवांचं कीर्तन झालं. अन्नदानाचा महिमा असा काही रंगला की मथुराबाई भरल्या मंडपात उठली, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बोलून गेली, "म्हाराज, आजपास्नं माज्या दारातनं भुकेलं तोंड मागारी जानार न्हाय."

तो तिचा नेम. डब्यात पीठ कमी असलं तरी भिकारी, गोसावी, गाय, कावळा, जो येईल त्याला भाकरीचा तुकडा मिळायचाच.

आणि आता, तीन-चार वर्षांनी, थंडीच्या तोंडावर चिपळीची नखं वाजायची बंद झाली.

आधी पुढचा उजवा पाय लंगडला. तो बरा होतो न होतो तोच मागचा डावा. मग चारही पायांचे सांधे सुजले, अंगात ताप भरला, आणि ती पोत्यावर पडून नुसती डोळ्यांनी बघू लागली. हात लावला तरी कळवळायची. कुणी म्हणालं दगड लागला, कुणी म्हणालं नजर लागली. शेवटी जोतीरामने सायकलच्या कॅरेजला पाटी बांधली, पाटीत गोधडी, गोधडीत चिपळी, आणि मथुराबाई मागून पदर खोचून चालत, अशी वरात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली.

तिथले चन्नवीर डॉक्टर अक्कलकोटकडचे, तरणे, थोडे तुटक बोलणारे. पण हात मोठा हलका. त्यांनी एकेक सांधा वाकवून पाहिला, सुईनं सांध्यातलं पाणी काढलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि मग सांगितलं,

"हिला कुणी मारलं नाही, बाई. रोगाशी लढायला अंगात शिपाई असतात, ते फिरलेत. आपलंच अंग त्यांना परकं वाटायला लागलंय. सांध्यांवर तुटून पडतायत."

"म्हंजे रखवालदारच मालकाला हानायला लागला म्हना की," जोतीराम म्हणाला.

"बरोबर तसंच. ही गोळी त्या रखवालदाराचा हात धरणार. पण नीट ऐका. गोळी भरल्या पोटी द्यायची. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. कमी करायची ती मी सांगेन तशी, हळूहळू. वर माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, आतड्यातून रक्त जाईल. सकाळी पाय आखडलेले असतील तेव्हा मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. सांधा गरम लागला, सुजलेला दिसला, तर शेकायचं नाही. अंथरूण मऊ. फरशीवर घसरू द्यायचं नाही. थोडं थोडं चालवायचं."

मथुराबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जशी निरूपणात हलवायची.

"आणि या गोळीनं भूक लागेल. राक्षसासारखी. मागेल तेवढं देऊ नका."

इथंही तिनं मान हलवली. पण हे वाक्य कानातच राहिलं, खाली उतरलं नाही.

गोळीनं मात्र कमाल केली. आठवड्याभरात ताप गेला, सूज ओसरली, आणि एका सकाळी चुलीपुढं बसलेल्या मथुराबाईच्या पाठीमागं वाजलं, टिक्... टिक्. घसरू नये म्हणून तिनं पोती अंथरली होती. दोन पोत्यांमधल्या फरशीवर नख वाजलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून हात जोडले.

मग भूक आली.

चिपळी भाकरी खायची आणि रिकाम्या थाळीकडं बघत उभी राहायची. थाळी चाटून चाटून भिंतीपर्यंत ढकलत न्यायची. पिठाचा डबा हुंगायची, उंबऱ्यावरचा कावळ्याचा घास पळवायची. पाणीही तसंच.

"नळाला पानी येतंय तासभर, आन् निम्मं हिलाच लागतंय," जोतीराम कुरकुरायचा. "आन् तेवढंच परत दारात सांडतीया!"

"आजारी हाय वो ती."

"मी बी आजारी पडतो. मला बी दे की चार भाकरी."

देणाऱ्या हातांना काय, निमित्तच हवं. चिपळीनं मान वर करून पाहिलं की मथुराबाईला दगडांच्या ढिगाआडचं ते पिल्लू दिसायचं आणि हात आपोआप दुरडीत जायचा. शेजारच्या नागम्मानंही वाटा उचलला. भिंतीवरून कडक भाकरीचा चतकोर यायचाच. "अय्यो पाप, बघ की मथुराक्का, कशी बघती ती! माझ्या घशाखाली घास उतरंना."

संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली, उठली. चिपळीचं पोट ढोलकीसारखं झालं आणि पाय तेवढेच बारीक राहिले. नखं पुन्हा वाजेनाशी झाली. उठताना ती दोनदा कोलमडायची आणि तिसऱ्यांदा उठायचा विचारच सोडून द्यायची.

"गोळ्याच खोट्या," जोतीराम म्हणाला. "बंद कर."

"डाक्टरनी काय सांगितलं? आपल्या मनानं बंद करायची न्हाय."

या खेपेला पाटीत चिपळी मावेना. टांगा करावा लागला. टांगेवाल्यानं गोधडीत डोकावून विचारलं, "पोटुशी हाय व्हय?" मथुराबाईनं गोधडी वर ओढून घेतली.

चन्नवीर डॉक्टरांनी चिपळीला काट्यावर उचलून ठेवलं, आकड्याकडं पाहिलं, मग मथुराबाईकडं पाहिलं.

"ताप नाही. सांध्यात सूज नाही. रखवालदार शांत झालाय, बाई. आता दुखतंय ते या वजनानं. दुखऱ्या सांध्यांवर तुम्ही धान्याचं पोतं ठेवलंय, तेही चोवीस तास."

"मग गोळी वाढवा की सायेब."

"वाढवली तर भूक आणखी वाढेल. अन्न निम्मं करा. नाही केलं तर ही महिन्याभरात कायमची बसेल. बसलेलं जनावर बरं करायचं औषध माझ्याकडं नाही."

मथुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सायेब, माजा नेम हाय. भुकेल्याला न्हाय म्हनायचं न्हाय, आसा."

डॉक्टर हसले नाहीत. हात धुता धुता म्हणाले, "ही पोटाची भूक नाही, औषधाची आहे. ती कितीही घातलं तरी भागायची नाही. आता नेम जपायचा की कुत्री, ते तुम्ही ठरवा."

त्या संध्याकाळी तिनं भाकरी मोडून निम्मीच थाळीत टाकली आणि पाठ फिरवली. चिपळी ओढत ओढत आली. तिनं हनुवटी मथुराबाईच्या पावलावर ठेवली. भुंकली नाही, कुईकुई केली नाही. नुसती ठेवली. पावलावर तो ऊन ऊन श्वास लागत राहिला. मथुराबाईनं भाजी हलवली, लाकूड सारलं, भांडं उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. शेवटी उरलेली अर्धी भाकरी तिनं दिलीच, आणि चिपळी ती खात असताना तोंडात पदर कोंबून रडली. देवापुढं केलेला बोल मोडवत नव्हता. जीव डोळ्यांपुढं मोडत चालला होता.

माघातल्या एकादशीला कोंडीबाबुवांचं कीर्तन होतं. मथुराबाई गेली, पण त्या दिवशी पूर्वरंग कुठं संपला आणि आख्यान कुठं सुरू झालं हे तिला कळलं नाही. मनाशी एकच, बुवांना विचारायचं. नेम त्यांच्या पायांशी घेतला, सोडवतील तर तेच.

बारशीच्या सकाळी बुवांचा उपवास सुटायचा म्हणून ती तुपातला शिरा घेऊन देवळामागच्या खोलीत गेली. हा तिचा दर खेपेचा मान. बुवा पाय पुढं पसरून बसले होते, एका हातानं पोटरी चोळत. शिऱ्याच्या वासानं त्यांनी मान वर केली. बघितलं ते शिऱ्याकडं, आणि डोळ्यांत असं काही आलं की मथुराबाईला वाटलं, हे आपण कुठंतरी पाहिलंय.

तिनं वाटी पुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दुष्काळ, पिल्लू, गोळी, भूक, डॉक्टर, पावलावर ठेवलेली हनुवटी. "म्हाराज, मला ह्या नेमातनं सोडवा. न्हायतर माजी चिपळी जाती."

बुवांनी वाटी उचलली, नाकाजवळ नेली, आणि हळूच बाजूला ठेवली.

"मथुराबाई, मला कोन सोडवनार?"

"म्हंजे?"

"मला साखरेचा विकार हाय. तीन वर्सं झाली. पायाला मुंग्या येत्यात, खडा टोचला तर कळत न्हाय. वैद्यानं गोड बंद केलंय. पन गावोगाव तुमच्यासारक्या आया. कुटं पुरनपोळी, कुटं बासुंदी, आन् हितं तुमचा शिरा. बुवांनी न्हाय म्हटलं तर प्रसादाचा अपमान. मंग मी खातो." ते ओशाळं हसले. "खरं सांगू? प्रसादाचं नुसतं नाव. जीभच सुटती. दिसलं की पायजेच वाटतं."

मथुराबाईला मागचा शिरा आठवला. गेल्या खेपेला बुवा पुरे म्हणाले होते, आणि तिनं आणखी दोन पळ्या वाढल्या होत्या, वर तूप सोडलं होतं, आणि बुवांनी वाटी पुसून खाल्ली म्हणून आठवडाभर गल्लीत सांगितलं होतं.

"आवो म्हाराज... मग बोलायचं न्हाय व्हय?"

"तुमची चिपळी बोलली का?"

बाहेर मंडप झाडण्याचा आवाज येत होता. बुवांनी वाटी तिच्याकडं सरकवली.

"नेम सोडू नका. तुमी दुष्काळ सोसलेल्या बाई, तुमच्या दारातनं भुकेलं जाऊ नये ह्येच खरं. पन माझं ऐका. भुकेल्याला दारातनं घालवनं येगळं, आन् दारातच जवळ घिऊन बसनं येगळं. घास देता येत न्हाय तितं मानूस द्यावं. आन् मथुराबाई, पुढच्या खेपेला मी शिरा मागितला, डोळ्यांनी मागितला तरी, माजा हात धरा. एवढी भिक्षा घाला मला."

मथुराबाई वाटी घेऊन घरी आली. वाटेत सगळा शिरा तिनं देवळाच्या पायरीवरच्या माणसांना वाटून टाकला, चिपळीच्या नाकाला वाससुद्धा लागू नये म्हणून.

त्या दिवसापासून घरात नवी रीत पडली. मापाची भाकरी, तिचे बारीक तुकडे, बरोबर उकडलेला दुधी. त्यात गोळी. बस्स. नागम्माला तिनं भिंतीवरून बजावलं, "नागूबाई, तुज्या हातनं चतकोर आला तर तुजी-माजी कट्टी."

"अय्यो, मग ती बघितली तर मी काय करू?"

"डोळं मीट. न्हायतर हिकडं यिऊन तिची पाठ चोळ."

आणि चिपळी बघायचीच. थाळी भिंतीपर्यंत ढकलून झाली की येऊन हनुवटी पावलावर ठेवायचीच. पहिले दिवस फार जड गेले. मग मथुराबाई चुलीपासून उठायची, तव्यावर खडेमीठ गरम करून फडक्यात बांधायची, मनगटाला लावून बघायची, आणि पोत्यावर बसून एकेक आखडलेला सांधा शेकायची. शेकता शेकता जुन्या कीर्तनातलं आख्यान सांगायची, पदं आठवतील तशी, चाल चुकवत. चिपळीची भूक काही जात नव्हती. पण डोळे मिटत होते. जोतीराम खाटेवरून म्हणायचा, "कुत्रीला कीर्तन, आन् आमाला च्या न्हाय." मग आपणच उठायचा, चहा ठेवायचा, आणि चिपळीला गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू चालवून आणायचा. वाटेत कुणी विचारलंच तर म्हणायचा, "रखवालदाराला रखवालदारच वळीकतो."

ऊन वाढलं तसं चिपळीचं पोट उतरलं. डॉक्टरांनी काट्याकडं पाहिलं, "हं," म्हणाले, आणि गोळी निम्मी केली. दुखणं जन्माचं आहे, पुन्हा डोकं वर काढेल, हेही सांगितलं. मथुराबाईनं मान हलवली. या वेळी ते वाक्य खाली उतरलं.

चैत्रातल्या बारशीला ती पुन्हा देवळामागच्या खोलीत गेली. ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. बुवांनी वरचं फडकं बाजूला केलं, फडक्याखाली पाहिलं, ताटाच्या मागं पाहिलं, आणि लहान पोरासारखं तोंड केलं.

"शिरा?"

"न्हाय म्हाराज."

"थोडासा बी?"

मथुराबाईला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. तिनं बुवांचं मनगट धरलं. तेवढ्यात मंडपाच्या फरशीवर पाठीमागून वाजलं, टिक् टिक्, टिक् टिक्. चिपळी घरून एकटीच चालत आली होती. आत आली, ताटाचा वास घेतला, आणि बुवांच्या शेजारी बसून मथुराबाईकडं अगदी त्यांच्यासारखंच बघू लागली.

"तुला बी न्हाय," मथुराबाई म्हणाली, आणि दोघांच्या मधोमध मांडी घालून बसली.