कोंबडखताची टाकी

बाबा गेले आणि नऊ दिवस घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पोल्ट्रीमागच्या, कोंबडखतावर चालणाऱ्या गोबरगॅसच्या टाकीकडे कुणी फिरकलं नाही. दहाव्या दिवशी दादाने साठलेलं सगळं कोंबडखत ढकलगाडीने आणून एकदम आत लोटलं. राहिलेलं काम एका सकाळी उरकलं म्हणून स्वारी खूश होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी टाकीच्या गॅसवरची शेगडी पेटेना.

"मेली टाकी," दादा म्हणाला. "बाबांचं खूळ बाबांबरोबर गेलं. आता पूर्वीसारखं ओढ्याकाठी टाकू."

धाकट्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेली नाही, तू मारलीस! नऊ दिवस उपाशी राहिलेल्याच्या घशात कुणी नऊ दिवसांचं जेवण कोंबतं का? कोंबडखत जहाल असतं. बाबा एका बादलीला तीन बादल्या पाणी घालायचे, वर शेण कालवायचे. तेही रोज, थोडं थोडं."

"मला कुणी सांगितलं होतं?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सगळं डोक्यात ठेवून बाबा चालते झाले होते. सुट्टीत त्यांच्यामागे उभी राहून बघायची म्हणून तिला तरी ठाऊक. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

दादा गाडी भरून ओढ्याकडे निघाला. ती आडवी आली.

"सरक गं."

"खाली शेजारच्या मावशींची विहीर आहे. टाकी नव्हती तेव्हा त्यांच्या पाण्याला वास मारायचा. माश्यांपायी दारं लावून जेवायच्या बिचाऱ्या. विसरलास?"

"मग ठेवू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"छपराखाली. टाकीला पंधरा दिवस घमेलंभरसुद्धा खत नाही. तू लोटलंस तेवढं उपसायचं, पाणी आणि ताजं शेण घालायचं."

"शेण कोण, मी देऊ?"

ती तडक मावशींच्या गोठ्यात गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घमेली भरली आणि एक स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर चढण चढल्या.

"काय रे," धापा टाकत त्या दादाला म्हणाल्या, "माझ्या विहिरीत काय ओतायला निघाला होतास?"

दादाने गाडी छपराकडे वळवली आणि बादली घेऊन आला.

"किती उपसू?"

"मी थांब म्हणेपर्यंत," धाकटी म्हणाली. दुपार कलली तरी ती थांब म्हणाली नाही.