राखेनं घासलेली मोटार

मित्रांनो, मला छप्पर नाही, मागची बैठक नाही आणि आता तरुणपणही उरलेलं नाही. दोनच माणसांना घेऊन वाऱ्यासारखी पळणारी मी एक जुनी मोटार. विलायतेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या पत्र्यावर आधी राखाडी अस्तराचा हात दिला, मग त्यावर रंगाचे थर चढवले. एक वाळला की दुसरा. शेवटचा थर वाळला तेव्हा मी पिकल्या करवंदासारखी दिसू लागले. सावलीत काळी, उन्हात लालसर जांभळी. हा रंगच माझी कातडी. ती किती जाड असते, ठाऊक आहे? तुमच्या वहीचा कागद असतो ना, जेमतेम तेवढी.

सन अठ्ठेचाळीसमध्ये मी बोटीने मुंबईला आणि तिथून एका साहेबाबरोबर कोल्हापूरला आले. साहेब मायदेशी परतले तेव्हा राजारामपुरीतल्या नृसिंहराव वकिलांनी मला घेतलं. रविवारी सकाळी ते मला पेठ वडगावच्या रस्त्याला न्यायचे. बैल बुजायचे आणि गाडीवान ओरडायचे, "पावणं, जरा दमानं की. पटका उडाला माझा." मला ते कौतुकच वाटायचं.

वकील मला फार जपायचे. नको तितकं जपायचे, म्हणा ना. एकदा बागेला पाणी घालणाऱ्या केरबाने आपली सायकल माझ्या दाराला टेकवली. एक बारीक ओरखडा उठला. दुपारच्या आत केरबाला कामावरून काढलं. जाताना तो माझ्याकडे वळून वळून बघत होता. माझ्यापायी एका माणसाचं काम सुटलं, हे मला मुळीच आवडलं नाही. पण मोटारीला कोण विचारतं?

आता त्रेपन्न सालची गोष्ट सांगते. वकील एका मोठ्या खटल्यासाठी महिनाभर पुण्याला गेले होते. घरात त्यांची पत्नी विमलाबाई आणि दीड वर्षांची पद्मजा. विमलाबाई बी.ए. झालेल्या, पण मूल झाल्यापासून त्यांचा जीव सदा टांगणीला. पोरीने काय तोंडात घातलं, उंबऱ्यावर पडली का, विहिरीचं झाकण लावलं का. त्यांचा सगळा भरवसा घरी कामाला असलेल्या धोंडुबाईवर. पद्मजा बारा दिवसांची होती तेव्हापासून धोंडुबाईच तिला न्हाऊ-माखू घालायची. पोर झोपायची तीही तिच्याच मांडीवर.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी धोंडुबाईने देवाची भांडी काढली. चिंच लावली, राख लावली, समया कशा लखलखू लागल्या. मग तिची नजर माझ्यावर गेली. महिन्याभराची धूळ माझ्या अंगावर बसलेली.

"खंडेनवमीला तू बी पूजेला बसणार की," ती मला म्हणाली. "साहेब येणार त्या दिवशी. अशी मळकी कशी बसशील?"

तिने चुलीतली राख चाळून घेतली, नारळाचा काथ्या भिजवला आणि मला घासायला बसली. बॉनेटपासून शेपटापर्यंत एक कोपरा सोडला नाही. तिचा हात मायेचा होता, मित्रांनो. म्हणूनच त्यात जोर जास्त होता.

पाणी वाळलं आणि माझं सगळं अंग कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक रेघांनी भरून गेलेलं दिसलं. करवंद कुठे गेलं कुणास ठाऊक, त्यावर नुसता धुरकट पडदा.

विमलाबाई पद्मजाला कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"धोंडुबाई, हे काय केलंत?"

"घासलं की, वैनी. समईगत निघंल म्हणून." तिने पदराने एक जागा पुसली, पुन्हा पुसली. "हे का जाईना?"

केरबाची आठवण दोघींना एकदमच झाली असावी.

"केरबाची तर एकच रेघ हुती," धोंडुबाई हळू म्हणाली. "साहेब यायच्या आत माझं मी गडहिंग्लजला भावाकडं जाणार. पोटापाण्याचं काय बी हुईल. ही पोर सुटंल, तेवढंच वाईट."

विमलाबाईंनी त्याच दुपारी अल्लाउद्दीन मिस्त्रींना बोलावणं धाडलं. मिस्त्रींची हयात बग्ग्या रंगवण्यात गेलेली. ते आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पालथा हात माझ्या अंगावरून फिरवला. डॉक्टर ताप बघतो तसा.

"सगळीकडे नवा रंग द्या, मिस्त्री," विमलाबाई म्हणाल्या. "ह्यांना कळायला नको."

"नवा रंग दिला तर पयल्यांदा त्यांनाच कळंल. आन् जुना रंग काय मेलेला न्हाय, वैनी. जखमी हाय. जिता माणूस पुरायचा व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आधी नुसतं पाणी, वरून खाली सोडलेलं, म्हणजे उरलीसुरली राख वाहून जाईल. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला अगदी बारीक पॉलिशपेपर. पहिला हात त्यांनी माझ्या शेपटाखाली मारून पाहिला, जिथे चुकलं तरी दिसणार नाही. मग डबीतला चकाकी आणणारा मलम आणि मलमलीचं फडकं. फडकी त्यांची बायको जरीना उकळून घरातच वाळवायची, धूळ बसू नये म्हणून. मिस्त्री गोल गोल घासत नसत. सरळ हात, एकाच दिशेने, आणि दर चार हातांनी फडकं उलटून बघायचे.

"हे बघा वैनी. फडक्यावर जांभळं उमटतंय. जांभळं हाय तोवर काळजी न्हाय. राखाडी दिसलं, म्हंजे खालचं अस्तर लागलं. तितं खेळ संपला."

झालं. विमलाबाईंना नवीन काळजी मिळाली. एक डोळा पद्मजावर, ती मलमाच्या डबीकडे दुडदुडत जाते का म्हणून, आणि दुसरा फडक्यावर. तासातासाला विचारायच्या, "राखाडी नाही ना?"

"वैनी, तुम्ही सारखं इचारलासा तर माझंच तोंड राखाडी पडंल."

धोंडुबाई लांब ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. माझ्याकडे बघायची नाही. मिस्त्री तिची चेष्टा करायचे, "आमच्या घरची पातेली पाठवू का? हात लई जोरकस हाय तुमचा." ती हसायची नाही. रोज मात्र मिस्त्रींना चहा तिच्याच हातचा असायचा.

आठव्या दिवशी माझ्या बॉनेटवर पडलेल्या प्रतिबिंबात आंब्याची पानं मोजता येत होती. दारं झाली, शेपूट झालं. फक्त डाव्या मडगार्डावर वीतभर लांब एक रेघ उरली. त्या दिवशी काथ्यात एखादा खडा अडकला असावा. मिस्त्रींनी तिच्यावरून नख फिरवलं.

"हितं नख अडकतंय. खोल हाय. ही ऱ्हाऊ द्यायची."

"अजून थोडं घासा ना."

"चार हातात निघंल की. पण अस्तर उघडं पडंल. एका रेघंपायी आख्ख्या मडगार्डाची कातडी सोलू?"

मिस्त्री दुपारच्या नमाजाला गेले. विमलाबाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मग त्या खाली बसल्या, मलम घेतला आणि त्या रेघेवर फडकं चालवू लागल्या. सुरुवातीला हलकेच, मग ओठ दाबून, जोराने. पहिल्या हाताला जांभळं. दुसऱ्या हातालाही जांभळं. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. तिसरा हात उचलला आणि तो मनगटाशी कुणीतरी धरला.

"ऱ्हाऊ द्या, वैनी," धोंडुबाई म्हणाली. "म्या बी असंच केलं. लई मायेनं केलं."

विमलाबाईंच्या हातातलं फडकं गळालं.

"त्यांना ही रेघ दिसेल, धोंडुबाई."

"दिसू दे. म्या सांगंन माझ्या तोंडानं. मगच जाईन."

खंडेनवमीला सकाळी मिस्त्री माझ्यावर शेवटचं फडकं फिरवत होते, तेव्हा नृसिंहराव टांग्यातून उतरले. आधी त्यांनी पद्मजाला घ्यायला हात पुढे केले. पोरीने महिन्याभराने आलेल्या बापाला ओळखलंच नाही. ती किंचाळली आणि धोंडुबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं. वकिलांचे हात तसेच राहिले. काही करायचं म्हणून ते माझ्याकडे वळले. एक फेरी मारली. चेहरा खुलत गेला आणि डाव्या मडगार्डापाशी बोट थांबलं.

विमलाबाई म्हणाल्या, "अहो, ते असं झालं की..."

"म्या घासली, साहेब," धोंडुबाई म्हणाली. पोर तिच्या खांद्यावर तशीच. "राखंनं. सगळीच घासलेली. मिस्त्रींनी निस्तरलं. ही तेवढी ऱ्हायली."

वकिलांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी होकाराची मान डोलावली. मग वकिलांनी धोंडुबाईकडे पाहिलं, तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारलेल्या आपल्या पोरीकडे पाहिलं आणि पायरीवर तिने बांधून ठेवलेल्या गाठोड्याकडे.

"का घासलीत?"

"पूजेला मळकी बसवायची व्हय, तुम्ही यायच्या दिवशी?"

वकिलांनी बोट त्या रेघेवरून पुन्हा एकदा फिरवलं, या वेळी हळू.

"धोंडुबाई, वकिलाच्या घरात इतक्या लवकर गुन्हा कबूल करत नाहीत," ते म्हणाले. "आणि ते गाठोडं सोडा. त्यात एखादं मऊ झालेलं लुगडं असेल तर मिस्त्रींना द्या. ते तुम्हाला गाडी पुसायला शिकवतील."

धोंडुबाईने गाठ सोडली, पण एका हाताने. दुसऱ्या हातात पोर होती.

मित्रांनो, ती रेघ आजही माझ्या मडगार्डावर आहे. त्यानंतर दर रविवारी धोंडुबाईनेच मला पुसलं. आधी पाणी, मग फडकं, आणि हात सरळ. पुढच्या महिन्यात नृसिंहराव स्वतः केरबाच्या घरी जाऊन आले. तो परत आला नाही. त्याला दुसरीकडे काम लागलं होतं.

माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या वस्तूवर तुमचा जीव असेल, तर तिला हात लावण्याआधी तिची कातडी केवढी आहे ते कुणा जाणत्याला विचारा. आणि कुणाच्या हातून ओरखडा उठलाच, तर तो का उठला, हे त्या माणसाला विचारा. नृसिंहरावांनी विचारलं, म्हणून पद्मजा शाळेच्या पहिल्या दिवशी धोंडुबाईचं बोट धरून गेली.