बंद घराचं मीटर

तपासनिसाने बॅटरीचा झोत मीटरवर धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा नाकावर घेतला. दोन्ही रीतींनी पाहिलं तरी आकडा तोच होता. बंद घराने वीज खाल्ली होती.

फार नाही. बिऱ्हाड थाटावं इतकी तर मुळीच नाही. पण कोणीतरी यावं, पंखा लावून घटकाभर बसावं आणि जावं, एवढी नक्कीच. घराला कुलूप लावलं त्या दिवशी मेन स्विच त्याने स्वतःच्या हाताने खाली ओढला होता. तो काही आपण होऊन वर जाणार नव्हता.

घर आत्याचं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं तिच्या पगारातून झालेलं. मोठ्या इस्पितळाच्या भांडारात ती जन्मभर भांडारपाल होती. लग्न केलं नाही. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती शुश्रूषागृहात होती, आणि तिथला खर्च तो आणि त्याची दोन थोरली भावंडं, अशी तिघं भाचरं वाटून घेत होती. घराच्या किल्ल्याही तीन केल्या होत्या, प्रत्येकी एक. कारण एकच किल्ली ठेवायची तर ती कोणाकडे, या प्रश्नावर एक अख्खा रविवार खर्ची पडला होता.

वीज चोरणारे पकडणं हीच तपासनिसाची नोकरी. कचेरीत त्याला ‘चुंबक’ म्हणत. मीटरला चुंबक लावून आकडे अडवणारा माणूस तो पायरीवरूनच ओळखायचा. दार उघडणाऱ्याने “या या साहेब, बसा, चहा टाकते” म्हटलं की आधी मीटर उघडायचं, हा त्याचा नियम. कोणी शिव्या घातल्या तर तो निश्चिंतपणे पुढच्या घरी जाई. अशा माणसाने आपल्या भावंडांना फोन करून “काय रे, घरी कोण जातंय?” असं विचारणं शक्यच नव्हतं. चोराला आगाऊ सूचना द्यायची नसते. तो रविवारची वाट पाहत राहिला.

रविवारी तिघं आत्याच्या खाटेभोवती जमली. आत्या डोळे मिटून पडली होती.

“झोपलीय,” ताई म्हणाली, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी आवाज मोकळे सोडले.

“मी पुन्हा सांगतो,” दादा म्हणाला. तो बँकेत होता आणि प्रत्येक गोष्ट पुन्हाच सांगायचा. “विकून टाकू. रक्कम ठेवीत टाकायची, व्याजावर हिचं सगळं आरामात निघेल.”

“ठेव कुठे? तुझ्याच बँकेत ना?” ताईने विचारलं.

“मग काय भावजींच्या खिशात ठेवू?”

“ह्यांचं नाव घ्यायचं काम नाही, दादा. मी म्हणते भाड्याने द्या. घरही राहील, पैसेही येतील.”

“आणि भाडेकरू कोण? भावजींचा तो मित्र. ठरवूनच ठेवलाय तुम्ही.”

“ठरवलं म्हणजे काय पाप केलं? ओळखीचा माणूस आहे!”

“म्हणून तर म्हणतो.”

दोघं मग तपासनिसाकडे वळली. त्याचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं: घर जसं आहे तसं राहू दे, आत्या बरी होऊन परत येईल, तोवर ओढाताण करून खर्च भागवू. या म्हणण्यात कोणाचाच फायदा दिसत नसल्यामुळे दादा आणि ताईला त्याचा सर्वांत जास्त संशय होता.

“बारक्याला तिथे राहायला जायचंय,” दादा म्हणाला. “त्याच्या कचेरीला जवळ पडतं.”

तपासनिसाच्या मनात तसं काही नव्हतं. मात्र दोघांनी इतक्या वेळा म्हटल्यावर, आपलं कपाट तिथे कोणत्या भिंतीला मावेल, हे त्याने एकदा मनातल्या मनात लावून पाहिलं होतं. तो म्हणाला, “ते राहू दे. घर बंदच आहे ना?”

“बंदच आहे की,” दोघं एका सुरात म्हणाली. उभ्या नोकरीत त्याने एका सुरातल्या उत्तरावर कधी विश्वास ठेवला नव्हता.

“मग मीटर कसं फिरतंय?”

पुढचा अर्धा तास खोलीत जे झालं ते ऐकून परिचारिका दोनदा डोकावून गेली. दादाने गुपचूप गिऱ्हाइकं आणली, असं ताई म्हणाली. ताईने मित्राचं सामान आधीच आत टाकलं, असं दादा म्हणाला. मीटर तपासणाराच मीटर फिरवत नसेल कशावरून, या मुद्द्यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. शेवटी असं ठरलं की पाळत ठेवायची. कोणा एकाने ठेवली तर बाकीच्या दोघांचा भरवसा नाही, म्हणून तिघांनी रजा काढायची. मंगळवारी. दादाच्या गाडीतून.

आत्या डोळे मिटून पडली होती.

मंगळवारी दुपारी गाडी घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे लावली. काचा बंद, आत तीन भावंडं. लहानपणानंतर ती इतका वेळ एका जागी प्रथमच बसली होती. ताईने बिस्किटं आणली होती. दादाने ती घेण्याआधी पुडा उलटून तारीख पाहिली.

“विष नाही घातलंय.”

“जुनी असतात तुझ्याकडची.”

एवढ्यात एक टॅक्सी येऊन थांबली. पुढच्या दारातून शुश्रूषागृहातली मदतनीस बाई उतरली.

“बघा! हिला किल्ली कोणी दिली?” ताई पुटपुटली.

बाईने मागचं दार उघडलं. आधी वॉकर बाहेर आला. मग एक पांढरी चप्पल जमीन चाचपत खाली आली, आणि तिच्यामागून आत्या.

आत्याने पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत गेली. भांडारपालाने आपल्यापाशी एक जादा किल्ली ठेवलेली असते, हे तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एकमेकांकडे लक्ष ठेवण्यात तिच्याकडे लक्ष राहिलं नव्हतं.

“ही तर दुपारची डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते!” ताई म्हणाली. “बाईनेच सांगितलं मला.”

“मग डोळे तपासायला इथे कशाला येते?” दादा म्हणाला, आणि पाठोपाठ एक तरुण जोडपं दारात जाऊन बेल वाजवताना दिसलं. तिघं एकदमच गाडीतून उतरली.

दार उघडंच होतं. पंखा चालू होता. आत्याने वळून पाहिलं.

“या. उशीर केलात. मला वाटलं सकाळपासूनच गाडी लावून बसाल.”

“तू जागी होतीस?” ताईने विचारलं.

“तुमच्या त्या आवाजात कोण झोपेल? ही माझी भाचरं,” तिने जोडप्याला सांगितलं. “घर ही दोघं घेतायत. पैसे थेट शुश्रूषागृहात माझ्या नावे जमा होतील. वकिलाकडून कागदही करून झालेत. चला, राहिलेलं दाखवते.”

भांडारात तिची एक रीत होती. कोणतीही वस्तू देताना ती आधी तिचा दोष दाखवायची, मगच हातात ठेवायची. नंतर कोणी तक्रार घेऊन परत यायला नको. घरही ती तसंच दाखवत होती.

“या कपाटामागे ओल आहे. रंग दिला की चार महिने झाकते, मग पुन्हा डोकं वर काढते. खिडकीची कडी उचलून लावायची, नाहीतर वाऱ्याने रात्रभर वाजते. वरचे पहाटे जड काहीतरी सरकवतात. काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि ही न्हाणीघरातली फरशी हलते. हिच्यावरच पडले मी.”

प्रत्येक वाक्याला दादाचा चेहरा भाव उतरल्यासारखा उतरत होता. “आत्या, एवढं सगळं सांगायची गरज असते का?” तो दबक्या आवाजात म्हणाला.

तिकडे तो तरुणही बायकोच्या कानाशी लागला होता. “इतकं खरं सांगतायत. म्हणजे ह्याहून मोठं काहीतरी लपवत असणार बघ.” बायको कोपराने त्याला गप्प करत होती.

“पण आम्हाला एका शब्दाने नाही विचारलंस?” दादाने शेवटी मोठ्याने विचारलं. “आमच्यावर विश्वास नाही तुझा?”

“आहे की. तिघांवर सारखाच.” आत्याने वॉकर सरळ केला. “तू विकलं असतंस तर ही दोघं जन्मभर म्हणाली असती, किती खाल्ले. हिने भाड्याने दिलं असतं तर तेच. आता ज्याला जे म्हणायचं ते मला म्हणा. मी काही फार दिवस ऐकणार नाही.”

ताईने पदर डोळ्यांना लावला. दादाने आजवर प्रथमच कोणतीही गोष्ट पुन्हा सांगितली नाही.

तपासनीस मेन स्विचपाशी उभा होता. “पण तू परत येणार होतीस ना, आत्या?”

“असं कोण म्हणालं?”

“मी.”

“हो, ऐकायचे मी दर रविवारी.” आत्या म्हणाली. “बरं वाटायचं ऐकायला. मग वाटायचं, ह्याला राहायला यायचं असेल.”

तपासनिसाची नजर भिंतीवर गेली. बोलण्यासारखं होतं ते कपाटाएवढंच होतं.

“किल्ल्या काढा,” आत्या म्हणाली.

दादाने खिशातून काढली, ताईने पर्सच्या चोरकप्प्यातून, तपासनिसाने जुडग्यातून सोडवून दिली. तिने त्यांत आपली मिळवली आणि चारही त्या तरुणीच्या ओंजळीत ठेवल्या. “मोजून घे,” ती म्हणाली. तरुणीने खरोखरच मोजल्या. आत्याने पसंतीने मान हलवली.

मदतनीस बाई टॅक्सी बघायला बाहेर गेली. तरुण मेजपट्टी काढून भिंती मोजायला लागला होता. आत्या वॉकर टेकत दाराकडे निघाली, पण खिडकीपाशी तिचा पाय अडखळला. तपासनीस पुढे झाला. तिने हातानेच त्याला नको म्हटलं. खिडकीजवळ वेताची एक खुर्ची होती. आत्याने खुर्चीकडे पाहिलं, मग त्या तरुणीकडे.

“टॅक्सी येईपर्यंत बसू का जरा इथे?”

तरुणीने नवऱ्याकडे पाहिलं, भाचरांकडे पाहिलं. मग पुढे होऊन खुर्चीवरची धूळ ओढणीने पुसली. “बसा ना,” ती म्हणाली.

आत्या बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, पर्स मांडीवर घेऊन, पाठ न टेकता.