फरशीवरची ओली पावलं

चंद्रभानने घागर घंगाळात रिकामी केली आणि मागे वळून पाहिलं. प्रार्थनामंदिराच्या फरशीवर पुन्हा ओल्या पावलांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. एक त्याचीच. कुऱ्हाड लागून डाव्या पायाची करंगळी गेल्यापासून त्याचं पाऊल कुठेही ओळखू यायचं. दुसरी पावलं लहान होती, बोटं शाबूत आणि टाचांना भेगा. त्या भेगा त्याच्या ओळखीच्या होत्या. फरशी पुसायला त्याचा हात धजेना.

सगुणाबाई, त्याची बायको, गेल्या आषाढात तापाने गेली होती.

एकोणीसशे पंचाहत्तर साल. गंगाखेडच्या अलीकडे, गोदेकाठच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. मिशनचा गोरा साहेब मायदेशी गेला, तसं प्रार्थनामंदिर झाडण्यापासून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, बारा जणांचे पाय धुण्यापर्यंत सगळं चंद्रभानकडे आलं. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. शिष्य पुरुष होते, म्हणून बाकावर पुरुषच बसत. चंद्रभान गुडघे टेकून एकेकाचं पाऊल हातात घेई, तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. लोक त्याला सेवक म्हणत. नम्र असल्याचा त्याला केवढा अभिमान! घंगाळातलं पाणी नदीवरून कोण आणतं, हे मात्र त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

मागच्या वर्षी सगुणा डोक्यावरची चुंबळ काढून झटकत म्हणाली होती, "यंदा माझे बी पाय धुता का?"

"तू तर घरचीच," तो हसून म्हणाला होता. "घरच्याचे कशाला धुयाचे?"

तीही हसली होती आणि घागर उचलून निघून गेली होती. ते हसू आता त्याला जेवू देत नव्हतं. म्हणून यंदा पाणी त्याने कोणाला आणू दिलं नाही. आटलेली नदी पलीकडच्या काठाला गेलेली, वाळू तापलेली. प्रत्येक खेपेला मागून कुणीतरी दमलेल्या पावलांनी चालत असल्यासारखं वाटे. वळून पाहिलं की नुसती वाळू.

उन्हं कलली, माणसं जमली, तरी घंगाळ भरेना. शेवटी शेजारची विधवा दगडाबाई न विचारता एक घागर घेऊन आली आणि ती दारापाशी ठेवून पायरीवर बसली. चिखलाचे पाय तिने लुगड्याखाली ओढून घेतले.

चंद्रभानने बारा जणांचे पाय धुतले. मंडळीचे पंच माणिकराव शेवटचे. त्यांनी पाय पुसून घेतले आणि ते प्रार्थनेसाठी उभे राहिले. चंद्रभान मात्र घंगाळ उचलून दाराकडे निघाला.

"बारा झाले की, चंद्रभान," माणिकराव म्हणाले.

"झाले न्हाईत. एक राहिलंय."

माणिकरावांनी बजावलं, की रविवारी परभणीहून मिशनचे पाळकसाहेब येतील, त्यांना काय सांगायचं? असली रीत कोणी पाहिली नाही. चंद्रभानने जुनं पाणी अंगणात ओतलं, दगडाबाईच्याच घागरीतलं ताजं घेतलं आणि तिच्यापुढे गुडघे टेकले.

"माझे कशाला, भाऊ? पाय बघा की माझे," ती अंग चोरून म्हणाली.

त्याने पाहिले. भेगांमध्ये काळी माती बसली होती. त्याने ती बोटाने हलक्या हाताने काढली, टाचा धुतल्या, टॉवेलने पुसल्या.

"लय उशीर झाला," तो पुटपुटला.

"उशीर कुठला? पानी आत्ताच आणलंय," दगडाबाई म्हणाली.

माणिकरावांनी टोपी काढली आणि तिथूनच प्रार्थना सुरू केली.

सगळे गेल्यावर चंद्रभान घंगाळ ठेवायला आत आला. ठेवलं आणि वळून पाहिलं. फरशीवर ओल्या पावलांची एकच ओळ होती, डाव्या पायाला करंगळी नसलेली. मन हलकं व्हायला हवं होतं. तो मात्र ती लहान पावलं शोधत राहिला.

दारापाशी घागरीत तळाला थोडं पाणी उरलं होतं. त्याने ते उंबऱ्याशी ओतलं, चांगलं पसरू दिलं आणि तो बाजूला सरकून भिंतीला टेकून बसला. बाहेरून गरम वारा येत होता. फरशी कडेकडेने वाळत आली, मग मधली ओलही गेली. तो बसूनच राहिला.