विठू कुजनेराची भिंत

१९८८च्या एप्रिलात केरीच्या शाळेत एक परिपत्रक आलं. गोवा घटकराज्य झाल्याला तीस मे रोजी वर्ष पुरं होणार होतं. त्या निमित्तानं पेडण्याला प्रदर्शन भरायचं होतं आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं आपल्या गावाची माहिती मांडायची होती. मुख्याध्यापक यशवंतसरांनी कागद वाचला आणि शाळेतल्या सगळ्यांत नव्या शिक्षिकेच्या मेजावर ठेवला.

"सिंधूबाई, हे तुमचं काम. समुद्र, देऊळ, समोरचा तेरेखोलचा किल्ला. चार तक्ते केले की सुटलात."

सिंधू गावस लाटंबार्शाची. भाताच्या मळ्या नि काजूच्या बागा यांच्यात वाढलेली, पाणी पाहिलं ते विहिरीत. फेरीबोटीत चढली की ती बरोब्बर मधोमध उभी राहायची आणि लोखंडी दांडा घट्ट धरायची. पण चार तक्ते करून सुटणं तिच्या स्वभावात नव्हतं. वर्गाच्या जनेलातून तिला नदीच्या मुखाशी एक बेट रोज दिसायचं. काळा खडक, पाचसहा माड, एका टोकाला वाळूची जीभ नि मधे एक पडकी इमारत. गावात त्याला म्हणत गार्दाचं जुवें. गोव्याकडे लहान बेटाला जुवेंच म्हणतात, आणि गार्द म्हणजे पोर्तुगीजांचा पहारेकरी.

"तिथं काय आहे, सर?"

"काय असायचं? आधी म्हणे सावंतवाडीकर भोसल्यांचे लोक तिथं दिवा लावून बसायचे. मग पोर्तुगीजांनी नाका बांधला, येणारीजाणारी गलबतं तपासायला. एकसष्टात गार्द पळाले, तेव्हापासून वटवाघळं राहतात. तक्त्यात घालण्यासारखं काही नाही."

तिथं रोज जाणारं माणूस गावात एकच होतं. चंद्रावती. चाळिशीची, काटक, ओहोटीला जुव्यावर जाऊन खडकावरची कालवं काढून विकायची. सिंधूनं तिला शाळेच्या फाटकाशी गाठलं.

"चंद्रावतीबाय, मला जुव्यावर न्याल?"

चंद्रावतीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? तुमी फेरीत डोळे मिटतात म्हण सांगतत भुरगीं."

"मिटीन. पण येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूनं खरोखरच डोळे मिटूनच ती अर्ध्या तासाची वाट पार केली. होडी खडकाला लागली तेव्हा तिच्या मुठीत पदर पिळून दोरी झाली होती. पण पाय टेकल्यावर डोळे उघडले, आणि तिला किती पाहू नि किती नको असं झालं. पायाखालून तांबडे खेकडे पळत होते. माडावर फाट्याफाट्यांचं भलंमोठं घरटं होतं आणि त्याच्या कडेवर छाती पांढरीशुभ्र असलेला समुद्री गरुड बसून त्या दोघींकडे रागानं बघत होता.

"थंय नाको आसा," चंद्रावतीनं इमारतीकडे हात केला. "बघून येवा. मी भितर येवचंय नाय."

"का?"

चंद्रावती कोयतीनं कालव फोडत राहिली. मग म्हणाली, "माजो बापूय थंय कुजनेर होतो. गार्दांचो रांदपी. विठू तेचा नाव. गार्द गेले तशें लोकांनी तेका पाखल्यांचो, पोर्तुगीजांचो कुत्रो केल्यान. माका शाळेत भुरगीं तशींच हाक मारीत. मी शाळा सोडली. तो चार वर्सां जगलो, पण कोणाकडे बोललो नाय. तेच्यानंतर मी हंय कालवां काढतंय, पण त्या दारांत पाय घालूक नाय."

सिंधू एकटीच गेली.

दोन खोल्यांचं छप्पर केव्हाच पडलं होतं. तिसरी खोली मात्र जुनी, बुटकी, वरून दगडी कमानीनं बंद. आत चुलीचे दगड अजून जागेवर होते. सिंधू वाकून शिरली, वटवाघळं भर्रकन डोक्यावरून गेली, आणि डोळे काळोखाला सरावले तशी ती जोरात ओरडली.

बाहेर चंद्रावतीला वाटलं, साप. कोयती उगारून ती धावत आली ती थेट आत.

"खंय आसा? खंय?"

सिंधूनं नुसतं बोट दाखवलं.

चुलीच्या धुरानं अख्खी भिंत काळी कुळकुळीत झाली होती. त्या काजळीवर कुणीतरी खिळ्यानं ओरखडून चित्रं काढली होती. आतला चुना उघडा पडून प्रत्येक रेघ पांढरी चमकत होती. पाणमांजरं. पाठीवर पडलेली, मासा तोंडात धरलेली, पिलं मागं लावून पोहणारी. गरुड. बगळे. खेकडे. सुसर, शेपूट पाण्यात टाकलेली. हातभर भिंतसुद्धा रिकामी नव्हती. आणि चित्रं वाटेल तशी नव्हती. वरून खाली सहा लांब ओळी होत्या, आणि प्रत्येक चित्राखाली टिंबं.

"तेका लिवक येय नसलां," चंद्रावती पुटपुटली. तिची कोयती खाली आली होती. "अक्षर येय नसलां माज्या बापयाक."

"पण मोजता येत होतं! हे बघा, पाणमांजर आणि चार टिंबं. चार दिसली. इथं सात. चंद्रावतीबाय, ही रोजनिशी आहे! किती वर्षं होते ते इथं?"

"सा. पंचावन ते एकसठ."

"आणि सहा ओळी!"

दोघी भिंतीला नाक लावून बघू लागल्या. मधेमधे एक लहान होडी होती, आणि होडीत दोन वेण्यांची मुलगी. खाली टिंब नाही. पहिल्या ओळीत ती इवलीशी होती, सहाव्या ओळीत वेण्या कमरेपर्यंत आल्या होत्या. चंद्रावतीनं बोट त्या चित्रावर टेकवलं आणि लगेच मागं घेतलं, पुसलं जाईल म्हणून.

"आयतारी आयेवांगडा येय मी. तेका पावाचे उंडे घेवन." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक आयतार सोडूक नाय गे बाय तेणें. एक नाय."

सिंधूनं तिला रडू दिलं, पण ती स्वतः गप्प बसू शकत नव्हती. प्रत्येक ओळीत महिन्यांच्या खुणा असल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. तिरप्या रेघांचा पाऊस. भाताचं कणीस. आकाशकंदील.

"हा काय? ढोल?"

"शिगम्याचो ढोल," चंद्रावतीनं नाक पुसलं. "आनी ढोलाच्या कुशीक कासव. बघा, दर वर्सा. ढोल आनी कासव."

"आणि त्यापुढं बारीक बारीक ठिपके आहेत पायांचे. कासवाची पिलं असतील! त्यांच्या डोक्यावर हे काय?"

"ढब्बू मिरची?"

सिंधू पुन्हा ओरडली. "मिरची कसली! बोंडू आहे, काजूचा बोंडू! खाली बी लोंबतेय ना. आणि ही दगडी कुंडी, त्यात उभा माणूस. बोंडू तुडवतोय! आमच्याकडं हे काजू सरत आले की असतं. एप्रिलची अखेर." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आत्ता."

चंद्रावती मान हलवू लागली. "आतां खंयचीं कासवां? अंडीं दिसलीं काय लोक काडून खातत. माजो दीर दादू, तो तर वाळू हुंगता."

"यंदा या वाळूवर आला होता का तो?"

चंद्रावतीनं बोटांवर दिवस मोजले. "नाय. शिगम्याक तेचो पाय मोडललो. म्हयनोभर घरांत पडून होतो."

"म्हणजे यंदाची अंडी अजून वाळूतच असतील!" सिंधू म्हणाली.

शनिवारी उजाडताना त्या वाळूच्या टोकाशी जाऊन बसल्या. काहीच झालं नाही. रविवारी पाच पाणमांजरं खडकाखालून निघाली, पाण्यात शिट्ट्या मारल्यासारखी ओरडली, आणि सिंधूनं आपल्या वहीत पाच टिंबं काढली. कासवाची पिलं मात्र नाहीत. सोमवारी शाळेला उशीर होणार हे ठाऊक असून ती आली. मंगळवारी यशवंतसरांनी विचारलं तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "उद्या पहिला तास मी घेतो. पण काही निघालं नाही तर तक्ते शुक्रवारपर्यंत!"

बुधवारी सूर्य अजून डोंगरामागंच होता. चंद्रावती होडीतच ओणवी होऊन दोर बांधत होती. सिंधू वाळूत बसली होती, आणि तिच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर वाळू खचली. कपाएवढा खड्डा पडला. मग त्यातून एक काळं नाक वर आलं.

तिला हाकही मारता येईना. नाकामागून डोकं आलं, दोन वल्ह्यांसारखे पाय आले, आणि बघता बघता सगळी वाळूच उकळू लागली. दहा, वीस, चाळीस! बोटाएवढी काळी पिलं एकमेकांच्या पाठीवरून घसरत, पडत, उलटत, पुन्हा सरळ होत समुद्राकडे निघाली.

"चंद्रावतीबाय! आलीऽऽ!"

चंद्रावती दोर टाकून धावली. दोघी उड्या मारू लागल्या. पण तेवढ्यात माडांवरून कावळे सुटले. एकानं पहिलं पिलू उचललंसुद्धा. दुसरा खाली आला, तिसरा, पाठोपाठ एक घार.

"हाऽऽड! हाऽऽड!" चंद्रावतीनं वाळूवर ठेवलेली टोपली उचलून फिरवायला सुरुवात केली. सिंधूनं छत्री उघडली नि ती पिलांवर धरून वाकत वाकत चालू लागली. शंभर पिलं आणि एक छत्री! इकडं झाकावं तर तिकडं कावळा.

नदीच्या मुखातून त्या वेळी एक होडी मासे घेऊन परत येत होती. होडीतला माणूस पाहतो तो काय, दोन बायका वाळूवर हात उंचावून किंचाळताहेत, आणि बांधायची राहिलेली त्यांची होडी पाण्यात आपापली चाललीय. त्याला वाटलं, कुणीतरी बुडालं. त्यानं होडी वळवली, कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि वल्हं हातात घेऊन लंगडत वाळूवर आला.

"वैनी! कोण बुडलो? कोण?"

तो दादू होता.

"कोण बुडूक नाय! कावळे मार!" चंद्रावती ओरडली. "दादू, मेल्या, बघतं कित्या? मार!"

दादूनं खाली पाहिलं. त्याच्या दोन पावलांच्या मधून सात-आठ पिलं घाईघाईनं चालली होती. एक त्याच्या अंगठ्यावर चढलं, तिथून पलीकडं पडलं आणि चालू लागलं. दादूनं आयुष्यात कासवाची शेकड्यांनी अंडी काढली होती. अंड्यातून निघालेलं कासव त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो क्षणभर अगदी दगडासारखा उभा राहिला. मग त्यानं वल्हं डोक्यावर गरगर फिरवलं आणि अशी आरोळी ठोकली की घार माडापलीकडं गेली.

पुढची वीस मिनिटं तिघं नुसती पळत होती. दादू पाण्याच्या कडेला, चंद्रावती मधे, सिंधू घरट्याशी. लाट यायची, पाचदहा पिलांना उचलायची, आणि ती पाण्यात गेली की एकदम हलकी व्हायची, उडाल्यासारखी जायची. सिंधू शेवटच्या पिलामागं चालत गेली. लाट तिच्या गुडघ्यांवर आली तेव्हा साडीची काळजी करणारी ती नव्हतीच.

"किती?" तिनं ओरडून विचारलं.

"माका एकशें तीन दिसलीं!" चंद्रावती म्हणाली.

"एकशें सा," दादू धापा टाकत म्हणाला. "तीन माज्या पांयांतल्यान गेलीं. तीं तू धरूक नाय."

तोवर चंद्रावतीची होडी पार फेरीच्या धक्क्याजवळ पोचली होती. दादूनंच ती गाठून आणली.  दोघींना घेऊन परत निघताना वहिनीकडं न बघता तो म्हणाला, "ह्या जुव्यावरचीं अंडीं कोण काडता तो मी बघतंय आतां."

सिंधूनं त्या शुक्रवारी चार तक्ते दिले नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत ती लाटंबार्शाला गेली नाही. पांढऱ्या पेन्सिलीनं काळ्या कागदांवर सगळी भिंत रेघेरेघेनं उतरवून काढली. सहा वर्षांचे सहा लांब कागद. यशवंतसर दोनदा स्वतः होडीत बसून आले आणि कागदाची टोकं धरून उभे राहिले.

प्रदर्शनात सगळ्या मंडपाची तोंडं तिकडं वळली. त्या वर्षी पेडण्यात दोन माणसं भेटली की मराठी की कोंकणी यावरून आवाज चढायचे. मंडपातही पाट्या कोणत्या भाषेत लिहायच्या यावरून सकाळीच भांडण होऊन गेलं होतं. पण केरीच्या कागदांपुढं येणारा पहिल्यांदा वाकायचा, मग गुडघ्यावर बसायचा, आणि मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणायचा, "हें बघ, हें बघ!" वनखात्याचा एक अधिकारी तासभर तिथून हलला नाही. तीस वर्षांपूर्वी या नदीत किती पाणमांजरं होती याचा आकडा त्याच्या खात्याकडं कुठंच नव्हता.

"हे कुणी काढलं?" त्यानं विचारलं.

सिंधूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी चंद्रावती उभी होती, इस्त्रीच्या नव्या लुगड्यात, हात घट्ट जुळवून. आजूबाजूला केरीचे म्हातारे होते, ज्यांनी एकेकाळी तिच्या दारावरून जाताना कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं होतं.

"माज्या बापयान," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, सगळ्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "विठू कुजनेरान. गार्दांक जेवण रांदून जालां म्हणटकच तो हें काडी. सा वर्सां. मी तेची चली."

म्हाताऱ्यांतला एकजण पुढं आला. त्यानं वाकून कागदाशी डोळे नेले. मग म्हणाला, "चंद्रावती, माका तीं पाणमाजरां दाखय गो. माजे डोळे आतां बारीक जाले."

तिनं त्याचा हात धरला आणि पहिल्या ओळीपासून दाखवायला सुरुवात केली.

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं, ते चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी, पाऊस धरायच्या आत खरी भिंत बघायची म्हणून केरीच्या धक्क्यावर माणसांची रीघ लागली, आणि दादू होडीवर उभा राहून घसा खरवडून ओरडत होता, "एका खेपेक सा जाणां! वाळयेर कोणें पांय घालूचो नाय! भिंतीक हात लावलो तर पोवत परत येवचां पडतला!"