हळदीचा उजेड

शिरवळच्या एका प्रयोगशाळेत, काळे पडदे लावलेल्या खोलीत राहणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. मेंदूतल्या मज्जापेशी एकमेकींशी कशा बोलतात, हे दाखवणं माझं काम. दोन पेशींमध्ये इतकी अरुंद फट असते, की केस तिच्यापुढे नदीएवढा रुंद वाटावा. एक पेशी त्या फटीतून निरोप सोडते. तो पोचला, की दुसरीत भरलेलं रसायन माझ्या निळ्या उजेडात हिरवं चमकतं आणि लगेच विझतं. ती लुकलुक मी टिपतो.

नवा होतो तेव्हा मला बघायला पाहुणे यायचे. आता माझे पेच ढिले झालेत. काल प्रमुख जयराज सर म्हणाले, "उद्या नीट दिसलं नाही तर याला मोडीत काढू." तेव्हापासून मला चैन नाही.

आज सकाळी इथल्या संशोधक, सांगलीच्या गुणमालाताईंनी उंदराच्या मेंदूची पातळ चकती भिंगाखाली खारट पाण्यात ठेवली. अशी चकती काही तासच जगते. दिवा लावला, तर सगळीकडे हिरवंच. लुकलुक नाही, नुसता स्थिर उजेड. माझी नजर गेली की काय?

"गेलंच की हे," मागे उभे असलेले सर म्हणाले.

ताईंनी चकती बाजूला सरकवली. नुसत्या पाण्यातही तेच हिरवं. मग त्यांनी पाण्यात टेकलेलं भिंग वर घेतलं. कडेला पिवळं बोट उमटलं होतं.

"हंबीरमामा, काल याची पूजा केलीत?"

फौजेतून निवृत्त होऊन इथली साफसफाई बघणारे हंबीरराव दारात आले. "व्हय. खंडेनवमी न्हवती का? पलटणीत बंदुकीला हळद लावायचो, हितं ह्याला."

"आवं मामा, हळद या उजेडात हिरवी चमकते. तुमची खंडेनवमी झाली आणि माझा शिमगा."

हंबीरराव खाली बघत म्हणाले, "पुसू का?"

"मी पुसते. तुम्ही पाण्याची नवी बाटली आणा."

भिंग स्वच्छ झालं, पाणी बदललं. तोवर चकतीच्या कडेच्या पेशी मरू लागल्या होत्या. ताईंनी मधल्या एका पेशीला विजेचा बारीक झटका दिला. ती चमकली. शेजारची अंधारीच. पुन्हा झटका, पुन्हा अंधार. सरांनी घड्याळ पाहिलं. ताईंनी झटका किंचित वाढवला, आणि शेजारची लुकलुकली.

"बोलली?" हंबीररावांनी विचारलं.

"बोलली, मामा."

"वर्षभर राहू दे याला," सर म्हणाले.

वर्षभरच, मित्रांनो. म्हणून विनवतो. माया करायचीच असेल, तर अंगावरची धूळ मऊ कापडाने पुसा, भिंगाला बोट लावू नका आणि जाताना खोळ घाला. नजर शाबूत असताना मला मोडीत जायचं नाही.