नवा दगड कुठला?

जुन्या कचेरीच्या दगडी कमानीपुढची बांबूंची परांची उतरली आणि म्हाताऱ्या गवंड्याने लेकीचं दुरुस्तीचं काम तपासायला घेतलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याचं चढणं बंद होतं, तोंड मात्र चालू होतं. कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

त्याने सांध्यात नख रोवून पाहिलं. चुना घट्ट होता, पण दगडापेक्षा मऊ. भिंतीतली ओल दगड न फोडता सांध्यातूनच बाहेर पडेल असा.

"हं," तो म्हणाला. म्हणजे उत्तम होतं.

"दगड किती बदललेस?"

"एकच. ओळखा बघू."

"आंधळ्यालाही दिसेल!" त्याने काठीने उजवीकडचा एक दगड दाखवला. "छिन्नीचे घाव बघ केवढाले! कसली घाई होती गं? शेजाऱ्यांशी भांडून बसल्यासारखा दिसतोय."

लेकीने हसू कसंबसं आवरलं. "बाबा, तो तुम्ही बसवलाय. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. चुना मीच कालवून देत होते."

म्हाताऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो खाकरला. मग सगळ्या कमानीवरून त्याने नजर फिरवली, एकेक सांधा, एकेक कड न्याहाळली. काही केल्या सापडेना. शेवटी दमून त्याने कमानीच्या खांबाला हात टेकला.

"हरलो बाई. सांग, तुझा कुठला?"

"तुम्ही हात टेकलाय तो."

त्याने हात काढला नाही. उलट काठी लेकीकडे दिली आणि दुसराही हात त्या दगडावर ठेवला.